दोन पाय रायफलीचे, तिसरा आपला

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



कविता लिहिणाऱ्या माणसाला रेडिओवर बोलावलं की विषय बहुधा ठरलेला असतो. पाऊस, आई, फार तर बहिणाबाई. या वेळी विषय मी स्वतःच मागून घेतला आणि तो ऐकून समोरच्या गृहस्थांनी चष्मा काढून पुसला. विषय आहे रायफलीची दुपाई. पालथं झोपून नेम धरताना रायफलीच्या पुढच्या भागाला खालून लावतात ती दोन पायांची घोडी. दुकानात ती 'बायपॉड' या नावाने मिळते. पण आपल्याकडे तिपाई आहे, चारपाई आहे, मग दुपाईनेच काय पाप केलं? मी आपलं हेच नाव वापरतो.

आपल्या जिल्ह्यात वरणगावला १९६४ पासून आयुध निर्माणी आहे. बंदुकीच्या गोळ्या तिथे तयार होतात आणि त्या पगारावर कितीतरी घरांतली मुलं शिकून मोठी झाली. तरीही रायफल म्हटलं की आपल्याला एक तर सिनेमा आठवतो नाही तर बातमी. झोपून, श्वास आवरून, पन्नास मीटरवरच्या कागदावर नेम धरणं हा एक शांत खेळ आहे, हे फारसं कोणाला आठवत नाही.

दुपाई म्हणजे काय, हे रावेर-यावलकडच्या श्रोत्यांना वेगळं सांगायला नको. केळीचा घड भरला की झाड एका बाजूला कलतं. मग आपण दोन बांबू घेतो, वरच्या टोकाशी बांधून त्यांची कैची करतो आणि ती कललेल्या बाजूने झाडाखाली लावतो. बांबू फार जवळ रोवले तर वाऱ्याच्या पहिल्याच झोतात कैची आडवी होते. फार फाकवले तर पाय सरकतात. आणि एवढं करून झाड उभं राहतं ते दोन बांबूंवर नव्हे. तिसरा पाय म्हणजे झाडाचा स्वतःचा बुंधा. बुंधाच कुजका असेल तर बांबू चांदीचे लावा, घड जमिनीवर येणारच. रायफलीचंही असंच आहे. पण हे कळायला आम्हाला दीड वर्ष आणि तीन दुपाया लागल्या, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आम्हाला म्हणजे मला आणि आबाला. आबा धुळे तालुक्यातल्या एका खेड्यातला. जळगावला कॉलेजात शिकायला आला, खोली करून राहिला. एनसीसीत आम्ही एकाच रांगेत उभे असायचो. तो पुढे फौजेत भरती झाला, मी बी.ए. होऊन कारकुनीला आणि कवितेला लागलो. पण एनसीसीतली पॉइंट टू-टूची ती जुनी रायफल दोघांच्याही खांद्यात राहिली. पंचवीस यार्डांवर लक्ष्य, पाच गोळ्या, आणि कागदावर पाच छिद्रं किती जवळजवळ पडली यावर आमची लायकी ठरायची. आमचे उस्ताद रिकाम्या रायफलीच्या नळीवर चवन्नी ठेवायचे आणि घोडा दाबायला सांगायचे. चवन्नी पडली की त्या दिवशी गोळी नाही. आबाची चवन्नी कधी पडली नाही. माझी हमखास पडायची.

तेव्हा उस्तादांच्या तोंडी एक शब्द सतत असे : 'शिस्त लेना'. मला वाटायचं, हे आम्हाला नीट वागायला सांगताहेत. पुष्कळ दिवसांनी कळलं की शिस्त म्हणजे नेम. शब्द फारसीतून आलेला आहे आणि त्याचा मूळ रोख नेमाकडेच आहे. जुन्या मराठीतही 'शिस्त धरणे' म्हणजे नेम धरणे. शाळेतल्या रांगेची आणि छडीची शिस्त ही नंतरची. असो. शब्दांच्या मागे लागलो की मी विषय सोडतो, अशी आबाची तक्रार आहे.

हवालदार होऊन आबा निवृत्त झाला आणि गावी आला. काही वर्षांपूर्वी पारोळ्याच्या अलीकडे महामार्गावर त्याची मोटारसायकल घसरली आणि डाव्या कोपराचा चुरा झाला. पट्टी, स्क्रू, पुन्हा ऑपरेशन. हात राहिला, पण तो कोपर आता अर्धाच वळतो आणि त्यावर भार पडला की कळ खांद्यापर्यंत जाते. गुरंढोरं, शेत, ट्रॅक्टर हे सगळं तो एका हाताने सांभाळून घेई. पण एकदा ओट्यावर बसल्या बसल्या म्हणाला, "शायर, रायफल गेली रे." फौजेतून निवृत्त झाल्याचं दुःख त्याने मला कधी सांगितलं नव्हतं. ते त्या दिवशी सांगितलं.

झोपून नेम धरताना कोपराचं एवढं काय महत्त्व, असं कोणी विचारेल. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत नेमबाज पोटावर झोपतो, अंग रायफलीच्या रेषेपासून थोडं तिरकं ठेवतो, डावा कोपर चटईवर टेकवतो आणि त्या हातावर रायफल तोलतो. दंडापासून रायफलीपर्यंत एक चामडी पट्टा ताणलेला असतो. भार पट्टा आणि हाडं घेतात, स्नायू घेत नाहीत. स्नायू थरथरतो, हाड थरथरत नाही, एवढाच त्यातला हिशेब. कोपरापासून मनगटापर्यंतचा हात जमिनीशी तीस अंशांपेक्षा कमी कोन करता कामा नये, असा नियमही आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत पन्नास मीटर प्रोन प्रकारात सुवर्णपदक मिळवलं, ते असंच झोपून. सहाशेपैकी ५९७ गुण, म्हणजे तेव्हाच्या जागतिक विक्रमाशी बरोबरी. महिलांचा हा प्रकार ऑलिंपिकमध्ये कधी नव्हताच, नाही तर आपण त्यांचं नाव आणखी मोठ्याने घेतलं असतं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला कांस्यपदक मिळवलं, त्या तीन आसनांतलं मधलं आसनही हेच. कुसाळे मध्य रेल्वेचे कर्मचारी, तेव्हा भुसावळकरांनी तो आनंद जरा जास्तच घरचा मानला. या दोघांच्याही रायफलीला दुपाई नव्हती. त्या स्पर्धांत ती चालत नाही.

आबाचा कोपर मात्र पट्ट्याला तयार नव्हता. त्याला पदक नको होतं. धुळ्याकडे एका क्लबची पन्नास मीटरची रेंज आहे. रायफल क्लबची, परवाना क्लबचा. तिथे रविवारी जाऊन पुन्हा पाच गोळ्या एका जागी घालायच्या, एवढंच त्याला हवं होतं.

त्याला धीर आला तो एका कॅनडियन माणसामुळे. जॉर्ज फर्क्युहरसन नावाचा हा नेमबाज. वय झालं, नजर आणि हात पट्ट्याला साथ देईनात, म्हणून त्याने रायफलीला पुढून टेकू आणि वर दुर्बीण लावून लांब पल्ल्याचा नेम सुरू ठेवला. त्याच्या आडनावाच्या पहिल्या अक्षरावरून त्या प्रकाराला 'एफ क्लास' म्हणतात आणि आज त्याच्या जागतिक स्पर्धा होतात. थकलेल्या माणसांसाठी निघालेली वाट तरुणांनीही धरली. टेकूची कल्पना अर्थात त्याच्याही आधीची. तिबेटातले शिकारी तोड्याच्या बंदुकीला चिरू नावाच्या हरणाच्या शिंगांची दोन टोकं बसवत. तीही दुपाईच.

पहिली दुपाई आम्ही पार्सलने मागवली. आबाच्या गावी कुरियर जात नाही म्हणून पत्ता माझा दिला. खोक्यावर भलंमोठं रायफलीचं चित्र. बायकोने ते दारातून आत ओढलं आणि पडदा सरकवला. "हे आपल्याच पत्त्यावर कशाला? शेजारी बघतील, काय समजतील?" मी हसण्यावारी नेलं. पण माझ्या नावाच्या माणसाच्या दारात असं खोकं आलं तर काय समजतील, हे तिला जसं माहीत होतं तसं मलाही होतं. ही गोष्ट मी आबाला फोनवर सहज सांगितली. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी एसटीने जळगावला आला, खोकं उचलून सरळ ओट्यावर बसला आणि गल्लीतली पोरं गोळा केली. "काका, हाई काय शे?" एका पोराने विचारलं. "ही रायफलीची कुबडी," आबा म्हणाला, "माझ्यासारख्या लंगड्या हाताच्या म्हाताऱ्यासाठी. तुमच्या चाच्यांनी मागवून दिली." दोन्ही पाय उघडून मिटून दाखवले. शेजारचे वकीलसाहेबही येऊन बघून गेले. बायकोने सगळ्यांना चहा केला.

ती दुपाई वजनाला पाव किलो. जाहिरातीत लिहिलं होतं, अत्यंत हलकी, अत्यंत स्थिर. पहिला शब्द खरा निघाला. क्लबच्या रायफलीवर तिचा चिमटा नीट बसेना. लक्ष्यवेधाच्या रायफलीला पुढे खालून एक खाचेची पट्टी असते, तिच्यात हाताचा थांबा बसवतात. बाजारातल्या बहुतेक दुपाया वेगळ्या, दातेरी पट्टीसाठी असतात. अमेरिकेतल्या पिकाटिनी शस्त्रागाराच्या नावावरून ती पट्टी ओळखली जाते. काहींना नुसती पट्ट्याची खुंटीही पुरते. मधला जोड घेतला नाही तर दुपाई कितीही चांगली असो, उपयोग शून्य. आम्ही काय केलं? सायकलच्या ट्यूबचा तुकडा मध्ये घातला आणि स्क्रू आवळला. खानदेशी उपाय. त्या रबराने आमची पहिली पाच छिद्रं चहाच्या बशीएवढ्या जागेत पसरवली.

रबर काढून धातूचा जोड बसवला तरी छिद्रं जवळ येईनात. तेव्हा क्लबातल्या एका जाणत्याने रायफल चटईवर ठेवली, दस्ता धरून हलकेच डावी-उजवीकडे पिळला आणि म्हणाला, "ऐका." आम्ही ऐकलं. दुपाईच्या बिजागरीतून बारीक टिकटिक येत होती. पाय उघडल्यावर खिळ्यात खेळ राहत होता. त्याने पाटीवर हिशेब करून दाखवला तो मला पाठ झाला आहे. दुपाईपासून खांद्यापर्यंतचं अंतर सुमारे पाऊण मीटर. म्हणजे पुढे एक दशांश मिलिमीटर, अंदाजे एका कागदाच्या जाडीइतका खेळ असेल तर पन्नास मीटरवर तो साडेसहा मिलिमीटरांपेक्षा जास्त होतो. लक्ष्यावरच्या दोन वर्तुळांमध्ये अंतर असतं आठ मिलिमीटर. दहा गुणांचं वर्तुळ अवघं १०.४ मिलिमीटर रुंद. कागदाच्या जाडीएवढ्या ढिलाईत जवळजवळ एक गुण गेला. आम्ही वर्षभर वजन बघत बसलो होतो. बघायला हवा होता तो खेळ.

यातून आबाने उलटं टोक गाठलं. दुसरी दुपाई पोलादी, जाडजूड, वजन पाऊण किलोच्या आसपास. फौजेत त्याने ब्रेन गन वापरली होती, तिच्या पायांची त्याला सवय. पण लाइट मशिनगनची दुपाई एकामागून एक गोळ्यांचे धक्के सोसायला बनवलेली असते. तिच्याकडून मिलिमीटरचा हिशेब कोणी मागत नाही. आमच्या पोलादीत खेळ नव्हता हे खरं, पण दोन नवी दुखणी आली. एक वजनाचं. रायफल उचलून चटईपर्यंत नेताना पाऊण किलो पुढच्या टोकाशी लटकलं की ते मनगटाला तिप्पट लागतं. ज्या हातासाठी एवढा खटाटोप, त्याच हाताला ती जाच करू लागली. दुसरं उंचीचं. तिचे पाय मिटलेले असतानाच नऊ इंच, उघडले की तेरा. झोपून नेम धरायला आम्हाला ही उंची जास्तच. झोपलेल्या माणसाला सहा ते नऊ इंच पुरे. पाय उंच झाले की छाती उचलावी लागते, मान ताठते, दहा मिनिटांत डोळ्याला पाणी येतं. आणि जितके लांब पाय तितकी डुलण्याला जागा जास्त. उंच खुर्चीवर बसलेलं मूल आठवा.

आता त्या तिसऱ्या पायाकडे येतो. दुपाई रायफलीचा पुढचा भार घेते. रायफल कुठे बघते, हे ठरवतो दस्ता, म्हणजे मागचं टोक. पुढे उत्तम टेकू आणि मागे थरथरता खांदा, अशी जोडी असेल तर ती अर्धीच बांधलेली केळ. म्हणून दस्त्याखाली छोटी पिशवी ठेवतात. आणि डावा हात पुढे जातच नाही. तो वळून मागे येतो आणि ती पिशवी मुठीत धरतो. मूठ आवळली की पिशवी फुगते, दस्ता केसभर वर जातो आणि नेम खाली येतो. मूठ सैल केली की उलट. आबाच्या अर्ध्या वळणाऱ्या कोपराला हे काम सहज जमलं. त्या दिवशी त्याचा चेहरा पाहण्यासारखा होता. निकामी म्हणून बाजूला टाकलेल्या हाताला काम मिळालं होतं आणि तेही सगळ्यात नाजूक.

पिशवी विकत आणायची गरज नाही. वहिनींनी जुन्या पँटच्या पायाचा तुकडा शिवून त्यात ज्वारी भरली. झकास झाली होती. दुसऱ्या महिन्यात उंदरांनी तिचा निकाल लावला. मग पांझरेची वाळू धुऊन, वाळवून, चाळून भरली. हल्ली प्लॅस्टिकचे मणी भरतात, ते हलके असतात आणि ओलावा धरत नाहीत. पण वाळू जास्त निश्चल, असं माझं मत.

आणि शरीर? पट्ट्याच्या आसनात अंग तिरकं असतं. दुपाईच्या मागे मात्र सरळ झोपायचं, पाठीचा कणा रायफलीच्या रेषेत. मग खांदा किंचित पुढे रेटायचा, म्हणजे दुपाईचे पाय जमिनीत रुतल्यासारखे ताणले जातात आणि सांध्यात जी काही उरलीसुरली ढिलाई असेल ती एका बाजूला जाऊन बसते. किंचित म्हणजे किती? बैलगाडी ढकलायला लावतो तसा जोर नव्हे. दार वाऱ्याने उघडू नये म्हणून पाठ टेकवून उभे राहतो तेवढा. आणि तो दर वेळी सारखा हवा. इथे पायांचे तळवे महत्त्वाचे ठरतात. गुळगुळीत सिमेंटवर ते सरकतात, मग रेटा कशाला देणार? रबरी तळवे चटईवर धरतात. मातीवर अणकुचीदार टोकं बरी. रेंजवर सिमेंट असेल तर दुपाईखाली जाड सतरंजीचा तुकडा टाकावा, म्हणजे गोळी सुटताना पाय उडीही घेत नाहीत.

तिसरी दुपाई आबाने पुण्याच्या एका जुन्या नेमबाजाकडून वापरलेली घेतली. वजन साडेतीनशे ग्रॅमच्या आत-बाहेर. सहा ते नऊ इंच. पायांना खाचा आहेत, एकेका खाचेवर टक्कन अडकतात. पिळून आवळायचे पाय मी बघितले आहेत, दिसायला सुरेख, पण आपल्या चैत्र-वैशाखातली धूळ त्यांच्या आट्यांत गेली की त्या करकरू लागतात, मग एखादा पाय हळूच खाली बसतो. खाचेचं असं नसतं. अडकली तर अडकली. आणि तिचं डोकं थोडं डावी-उजवीकडे कलतं, एक छोटी मूठ फिरवली की घट्ट होतं.

हे कलणं चैनीचं नाही. जमीन कधीच सपाट नसते. दुपाईचा एक पाय खोलगटात गेला की रायफल एका अंगाला कलते आणि नेम धरणाऱ्याला ते कळतही नाही. गोळी पन्नास मीटर जाताना साधारण बारा सेंटिमीटर खाली येते. ती पडझड भरून काढायला नळी मुळात किंचित वर रोखलेली असते. रायफल पाच अंश कलली की ही भरपाईही कलते आणि गोळी सुमारे एक सेंटिमीटर बाजूला जाते. म्हणजे पुन्हा एक वर्तुळ गेलं, आणि आपण दोष देतो वाऱ्याला. म्हणून एक तर डोकं कलणारी आणि घट्ट होणारी दुपाई घ्यावी, नाही तर दोन्ही पायांची उंची वेगवेगळी लावायची सोय असावी.

हलकेपणाला माझा विरोध आहे असं समजू नका. लांब पल्ल्याच्या एफ क्लासमध्ये दुपाईवाल्यांचा जो गट आहे, त्यात रायफल, दुर्बीण आणि दुपाई मिळून ८.२५ किलोच्या वर जाऊ देत नाहीत. तिथे दुपाईत वाचवलेला प्रत्येक ग्रॅम नळीला देता येतो, म्हणून ती माणसं पाय रुंद फाकवतात, साहित्य पातळ घेतात, तळव्यांना लांब पट्ट्या लावतात. पण हलकेपणा कुठून काढला ते बघायचं असतं. पायाच्या नळीतून काढला, अॅल्युमिनियम किंवा कार्बन फायबर वापरलं, तर ठीक. बिजागरीतून आणि चिमट्यातून काढला तर ती दुपाई हलकी नाही, ती हलक्या प्रतीची आहे. मराठीत दोन्हीला शब्द एकच, त्याला इलाज नाही.

विकत घेताना गोळी झाडून बघायची संधी आपल्याला कोण देणार? आबाची तपासणी सोपी आहे. दुपाई उघडायची, पाय टेबलावर टेकवायचे, डोकं धरून पुढे-मागे आणि पिळून बघायचं. कानाला टिकटिक आली की परत ठेवायची. जागेवर बसवल्यानंतर रायफल रिकामी आहे ना हे दोनदा पाहून, भिंतीवरच्या ठिपक्यावर नेम धरायचा आणि गाल दस्त्यावर टेकवायचा, उचलायचा, पुन्हा टेकवायचा. ठिपका जागचा हलला तर दोष एक तर दुपाईचा नाही तर आपल्या झोपण्याचा. तो कोणाचा हे दुसऱ्या माणसाला झोपवून कळतं. शेवटी नळीवर चवन्नी. सरकारने चवन्नी २०११ साली चलनातून काढली, आबाच्या खिशातून अजून निघालेली नाही.

एक गोष्ट सावधगिरीची. दुपाईवर रायफल आपली आपण उभी राहते आणि उभी वस्तू बघून माणूस बेफिकीर होतो. चहा घ्यायला उठतो, पाण्याला जातो. उठताना बोल्ट उघडा, कक्ष रिकामा, तोंड लक्ष्याकडेच. पुढे लक्ष्यापाशी कोणी गेलं असेल तर तिला बोटही लावायचं नाही. या बाबतीत आबा अजून हवालदार आहे.

त्याच क्लबात नववीतली एक मुलगी शिकायला येते. पट्ट्याने तिच्या दंडाला वळ पडत, कोपर सोलून निघे. तिने आबाची पाच छिद्रं बघितली आणि म्हणाली, "आबा, मलाही तुमच्यासारखी दुपाई द्या ना." मी तिच्या बाजूने होतो. दिली असती तर त्याच दिवशी तिचे गुण वाढले असते. आबाने साफ नकार दिला. "पोरी, तुला स्पर्धेला जायचंय. तिथे ही काढून घेतील, मग तुझं काय उरेल?" ती रुसून दोन रविवार आली नाही. तिसऱ्या रविवारी आली तेव्हा कोपराला वहिनींनी शिवलेली जाड गादी होती. आबा तिच्या शेजारी चटईवर बसून पट्ट्याचं भोक एकेक पुढे-मागे करत होता. कुबडी ज्याला लागते त्याने घ्यावी, असं तो म्हणाला नाही. म्हणाला ते एवढंच, "हिचा कोपर चांगला आहे."

मागच्या हिवाळ्यात मी त्याच्याबरोबर रेंजवर गेलो होतो. सकाळी वारा नव्हता. आबाने सतरंजी टाकली, दुपाईचे पाय दोन खाचा बाहेर काढले, डोकं समतल करून मूठ आवळली, वाळूची पिशवी दस्त्याखाली सरकवली आणि डावा हात वळवून तिच्यावर ठेवला. पाच गोळ्यांना त्याने चांगली दहा मिनिटं लावली. कागद आणला तेव्हा पाचही छिद्रं दहा रुपयांच्या नाण्याखाली झाकली गेली. तो काही बोलला नाही. कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली, चवन्नीच्या शेजारी.

मग म्हणाला, "झोप, शायर." चाळिशीचा चष्मा सांभाळत झोपलो. माझी तीन एका जागी आली, दोन कुठे गेली ते कागदालाही माहीत नाही. दुपाई तीच, पिशवी तीच, रायफल तीच. मागे मी होतो.

पोलादी दुपाई क्लबातल्या एका जाड्या मित्राने नेली, त्याला ती बरोबर बसली. पहिली, पाव किलोची, आबाने मला देऊन टाकली. ती माझ्या लिहायच्या टेबलावर असते. तिच्या दोन पायांवर मी पुस्तक टेकवून वाचतो. पान उलटलं की डावा पाय अजूनही हलतो.